जीएम डास हवेत सोडले तर? धोका मोजायचा तर आधी पिढ्या मोजा

पावसाळा सुरू झाला की फॅमिली ग्रुपवर दोन फॉरवर्ड हमखास फिरतात. एक पपईच्या पानांच्या रसाचा, आणि दुसरा ‘परदेशी कंपनीने लॅबमध्ये बनवलेले डास सोडलेत, सावध राहा’ असा. पहिल्याबद्दल पुन्हा कधीतरी बोलू. दुसऱ्याची गंमत अशी की तो धड खरा नाही आणि धड खोटाही नाही. जनुकीय बदल केलेले, म्हणजे जीएम, डास खरोखर तयार होतात. ब्राझील, केमन बेटं, अमेरिकेतलं फ्लोरिडा इथे ते कोट्यवधींच्या संख्येने सोडलेही गेलेत. आणि त्यातलाच एक वाण आपल्या जालना जिल्ह्यापर्यंत येऊन पोहोचला होता. जाळीच्या पिंजऱ्यात, पण आला होता.

मग घाबरायचं का? याचं एकच उत्तर देता येत नाही, कारण ‘जीएम डास’ ही एकच गोष्ट नाही. काही डासांमध्ये घातलेला जीन पुढच्याच पिढीत संपतो. काहींमध्ये तो काही पिढ्या रेंगाळतो आणि विरत जातो. आणि एक प्रकार असा आहे, ज्याची रचनाच मुळी जीनने थांबू नये, पसरत राहावं अशी आहे. या तिघांना एकाच तराजूत तोलणं म्हणजे फटाका आणि वणवा दोन्हींना ‘आग’ म्हणून मोकळं होण्यासारखं आहे. म्हणून अशी कुठलीही बातमी दिसली की पहिला प्रश्न हा विचारायचा: सोडलेला जीन किती पिढ्या टिकणार?

कल्पना जुनीच आहे

कीटक मारण्यासाठी कीटकच सोडायचे, ही आयडिया जीएमच्या खूप आधीची. अमेरिकेत स्क्रूवर्म नावाची माशी गुरांच्या जखमेत अंडी घालायची आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खायच्या. एडवर्ड निप्लिंग या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की या माशीची मादी बहुधा आयुष्यात एकदाच मीलन करते. मग किरणोत्सर्गाने नर नपुंसक करून मोठ्या संख्येने सोडले तर? मादी अंडी घालेल, पण ती उबणारच नाहीत. १९५४ मध्ये कॅरिबियनमधल्या कुरासाओ बेटावर हा प्रयोग केला आणि बेटावरची माशी संपली. पुढे हीच पद्धत वापरून ती अमेरिकेतून हद्दपार करण्यात आली.

कापूस पट्ट्यातल्या वाचकांसाठी एक जोड: आपल्याकडे बीटी कपाशीलाही न जुमानणारी गुलाबी बोंडअळी अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूस पिकातून संपल्याचं जाहीर केलं. त्यात बीटी कपाशी होतीच, पण जोडीला किरणोत्सर्गाने नपुंसक केलेले पतंगही सोडले होते. मधल्या काळात ॲरिझोनात थोडे असेही पतंग सोडून पाहिले, ज्यांच्यात लाल चमकणारा एक जीन घातला होता. काम एवढंच, की सापळ्यात सापडलेला पतंग आपला की रानातला हे ओळखता यावं. म्हणजे सोडलेला जीएम कीटक हा डासच असला पाहिजे असं नाही.

डासांच्या बाबतीत किरणोत्सर्गाची एक अडचण आहे. नाजूक जीव. किरणं दिली की नर अशक्त होतो आणि रानातल्या धडधाकट नरांपुढे त्याचं काही चालत नाही. इथे जनुकशास्त्र कामाला आलं.

ऑक्सिटेकच्या डासात काय असतं?

ऑक्सिटेक ही ब्रिटिश कंपनी २००२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधनातून निघाली. तिने निवडला एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा, पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा डास. कूलर, टायर, कुंडीखालची ताटली, फ्रिजच्या मागचा ट्रे ही त्याची घरं. तो फार लांब उडत नाही. बहुतेक डास जन्मले तिथून शे-दोनशे मीटरच्या आतच आयुष्य काढतात.

कंपनीचा गाजलेला पहिला वाण म्हणजे ओएक्स५१३ए. त्याच्यात एक जीन घातला आहे, जो एक प्रथिन तयार करतो. हे प्रथिन स्वतःचंच उत्पादन वाढवत नेतं आणि इतकं साठतं की पेशीचं बाकी काम ठप्प होतं. अळी मोठी होण्याआधीच मरते. मग लॅबमध्ये हे डास वाढतात कसे? त्यांच्या पाण्यात टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक घालतात. ते असेपर्यंत जीन बंद राहतो. ते नसलं की चालू. थोडक्यात, टेट्रासायक्लिन हा त्याचा ऑफ स्विच.

लॅबमध्ये वाढलेले नर वेगळे काढून बाहेर सोडतात. नर डास चावत नाही, रक्त पिते ती फक्त मादी. सोडलेला नर रानातल्या मादीशी मीलन करतो, होणारी पिल्लं टेट्रासायक्लिनशिवाय मरतात आणि पुढच्या पिढीत डास कमी होतात. नर सोडणं थांबवलं की जीनही संपायला हवा. कागदावर तरी.

पुढचा वाण ओएक्स५०३४ जास्त चलाख आहे. यात फक्त माद्या मरतात. नर पिल्लं जगतात आणि तो जीन पुढच्या पिढीत नेतात. प्रत्येक पिढीत तो साधारण निम्म्यांनाच मिळतो, त्यामुळे हळूहळू विरतो. याचे नर-मादी वेगळे काढायची गरज नाही. अंडी डब्यात घालायची, पाणी ओतायचं, नर आपोआप बाहेर पडतात. ब्राझीलमध्ये असे डबे दुकानातल्या वस्तूसारखे विकलेही जातात. म्हणजे बघा, एका वाणापासून दुसऱ्यापर्यंत जाताना जीनचा मुक्काम एका पिढीवरून काही पिढ्यांवर गेला. वापरणं सोपं झालं आणि त्याच वेळी आवरणं थोडं अवघड.

मग धोका नेमका कुठे?

चावण्यातून आपल्या शरीरात जीन शिरेल, ही भीती सगळ्यात जास्त फॉरवर्ड होते आणि सगळ्यात कमी दमाची आहे. नर चावत नाही. चुकून सुटलेली जीएम मादी चावली तरी डासाच्या लाळेतून आपल्या पेशींचे जीन बदलत नाहीत, जसे रोजच्या डासांच्या चाव्याने बदलत नाहीत. २०१६ मध्ये ब्राझीलच्या झिका साथीला हेच डास जबाबदार असल्याचं पसरलं होतं. त्यातही तथ्य नव्हतं. झिकाचा विषाणू आधीपासूनच पॅसिफिक बेटांवर फिरत होता.

खरे प्रश्न कमी सनसनाटी आहेत.

पहिला ऑफ स्विचचा. टेट्रासायक्लिन फक्त लॅबमध्ये मिळत नाही. कोंबड्यांच्या, डुकरांच्या खाद्यात, सांडपाण्यात, काही ठिकाणी फळबागांच्या फवारणीत या गटातली औषधं असतात. अळी अशा पाण्यात वाढली तर? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, २०२० मध्ये फ्लोरिडातल्या चाचणीला परवानगी देताना हीच अट घातली: सांडपाणी प्रक्रिया केंद्र, ठरावीक फळबागा आणि व्यावसायिक पशुपालन यांपासून ५०० मीटरच्या आत डास सोडायचे नाहीत. आता हीच अट आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाला लावून बघा. एका बाजूला पोल्ट्री, दुसऱ्या बाजूला नाला, मध्ये मोसंबीची बाग. ५०० मीटर मोकळे सापडतील का?

दुसरा प्रश्न गळतीचा. ओएक्स५१३एची पिल्लं शंभर टक्के मरत नाहीत. लॅबमध्येच ३ ते ४ टक्के जगतात, हे आधीपासून माहीत होतं. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या जाकोबिना शहरात २०१३ ते २०१५ मध्ये २७ महिने, दर आठवड्याला सुमारे साडेचार लाख नर सोडले गेले. इतक्या आकड्यांत लहान टक्केवारीही लहान राहत नाही. उदाहरण म्हणून, नर-मादी निवडताना हजारात एक मादी चुकून गेली असं धरलं, तरी आठवड्याला साडेचारशे माद्या होतात.

जाकोबिनात पुढे काय झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण विज्ञानाची बातमी कशी बिघडते याचा हा नमुना आहे. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात येल विद्यापीठाच्या संशोधकांचा पेपर आला. त्यांना तिथल्या रानटी डासांमध्ये सोडलेल्या वाणाच्या डीएनएचे तुकडे सापडले. निकष कोणता लावला त्यानुसार १० ते ६० टक्के डासांत. म्हणजे काही पिल्लं जगली आणि त्यांनीही पिल्लं घातली. इथपर्यंत माहिती पक्की. पण पेपरमध्ये असंही सुचवलं होतं की या संकरातून जास्त दणकट डास तयार झाले असावेत. त्याला पुरावा नव्हता. हेडलाइन मात्र त्याचीच झाली: ‘प्रयोग फसला, सुपर डास जन्मले’. कंपनीने आक्षेप घेतला आणि २०२० मध्ये नियतकालिकाने त्या पेपरवर अधिकृत ‘चिंता’ नोंदवली. जे मिसळलं ते मूळ वाणाचं, म्हणजे क्युबा-मेक्सिकोकडच्या डासांचं साधं डीएनए होतं. मारणारा जीन तिथे टिकून राहिल्याचं दिसलं नाही. लॅबमध्ये डेंग्यू आणि झिकाच्या एकेका प्रकाराने संसर्ग करून पाहिलं, तेव्हाही मिश्र डासांत फरक आढळला नाही.

तर सुपर डास नाहीत. पण ‘सोडलेल्या डासांचं मागे काहीच उरणार नाही’ हे आश्वासनही खरं ठरलं नाही. माझ्या मते या प्रकरणातून घ्यायचं ते हेच. मागे जे उरलं ते निरुपद्रवी होतं, म्हणून आधीचा अंदाज बरोबर होता असं होत नाही.

तिसरा प्रश्न बातम्यांमध्ये जवळपास येतच नाही: थांबल्यावर काय? डास कमी झाले की दोन-चार वर्षं डेंग्यू कमी होईल. त्या काळात लहान मुलं डेंग्यूला सामोरी न जाता मोठी होतील. मग निधी संपला, कंत्राट संपलं, नर सोडणं थांबलं, तर शेजारून डास परत येणार. आणि आता प्रतिकारशक्ती नसलेली माणसं जास्त. डास सोडणं हे लसीच्या एका डोससारखं नाही, ते पाणीपुरवठ्यासारखं आहे. चालू ठेवावं लागतं. आपल्या महापालिकांचं फॉगिंग मशीन कधी येतं आणि कधी गायब होतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हा मुद्दा वेगळा समजावून सांगायला नको.

आणि ‘डास कमी झाले’ म्हणजे ‘डेंग्यू कमी झाला’ नव्हे. पहिलं सापळे लावून मोजता येतं, दुसऱ्यासाठी माणसांच्या रक्ताच्या चाचण्या आणि तुलनेसाठी डास न सोडलेल्या वस्त्या लागतात. कंपनीच्या जाहिरातीत टक्केवारी दिसली की ती डासांची आहे की रुग्णांची, एवढं तपासा.

अन्नसाखळीचं काय, असं बरेच जण विचारतात. जगात डासांच्या साडेतीन हजारांहून जास्त जाती आहेत आणि इथे लक्ष्य एकच आहे. शिवाय एडिस इजिप्ती मूळचा आफ्रिकेतला. आपल्याकडे आणि अमेरिका खंडात तो जहाजांबरोबर आलेला पाहुणा. तो कमी झाल्याने पक्षी-मासे उपाशी मरतील असं मानायला फारसा आधार नाही. त्याची रिकामी जागा त्याचाच भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस घेईल का, हा प्रश्न जास्त खरा आहे. तोही डेंग्यू पसरवतो.

हे डास जीएम नाहीत, गल्लत नको

वोल्बाकिया हा कीटकांच्या पेशींत राहणारा जिवाणू. तो एडिस इजिप्तीत घातला की डासाच्या शरीरात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियातल्या योग्याकार्ता शहरात काही भागांत असे डास सोडून, काहींत न सोडता तुलना केली, तेव्हा डेंग्यूचे रुग्ण ७७ टक्के कमी आढळले. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो रुग्णांचा आकडा आहे, डासांचा नाही. भारतात पुद्दुचेरीच्या आयसीएमआर केंद्रानेही असे डास तयार केलेत. यांच्यात जीन बदललेला नाही. पण गंमत बघा, वोल्बाकिया मादीकडून पिल्लांकडे जात वस्तीत टिकून राहतो. म्हणजे ‘जीएम नाही’ असा शिक्का असूनही तो ओएक्स५१३एपेक्षा जास्त पिढ्या टिकतो. पिढ्या मोजायच्या म्हणतो ते यासाठी. लेबल बघून धोका कळत नाही.

जीन ड्राइव्ह: इथे ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ नाही

साध्या जीनची पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता ५० टक्के. आईकडून एक प्रत, वडिलांकडून एक, पिल्लाला कुठलीतरी एक मिळणार. जीन ड्राइव्ह हा नियमच मोडतो. क्रिस्परच्या कात्रीने तो समोरच्या गुणसूत्रावरचा जोडीदार जीन कापतो आणि तिथे स्वतःची प्रत चिकटवतो. मग जवळपास प्रत्येक पिल्लाला तो मिळतो. समजा, एखादा मेसेज मिळालेल्यांपैकी निम्मेच पुढे पाठवतात आणि दुसरा प्रत्येकाच्या फोनमधून आपोआप फॉरवर्ड होतो. जीन ड्राइव्ह म्हणजे हा दुसरा.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या ऑस्टिन बर्ट यांनी २००३ मध्ये ही कल्पना मांडली. २०१८ मध्ये तिथल्याच गटाने मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफेलिस गॅम्बी डासात ‘डबलसेक्स’ जीनवर ड्राइव्ह बसवला. ज्या मादीत दोन्ही प्रती बिघडतात ती ना चावू शकते, ना अंडी घालू शकते. पिंजऱ्यातली सगळी वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली.

पिंजऱ्यात. बाहेर असा डास अजून सोडलेला नाही. सोडला तर तो गावाची, जिल्ह्याची, देशाची हद्द मानणार नाही. जवळच्या जातींशी संकर झाला तर तिकडेही जाईल. आणि काही चुकलं तर परत बोलवायची सोय नाही. दुसरा ड्राइव्ह सोडून पहिल्याला आवर घालण्याच्या कल्पना आहेत, पण एका फॉरवर्डवर दुसरा फॉरवर्ड हा उपाय कितपत चालतो ते आपण रोज बघतो.

परवानगी कोणाची घ्यायची?

नव्या औषधाची चाचणी असेल तर प्रत्येक माणसाची सही घेतात. नको म्हणायचा हक्क असतो. डासांच्या बाबतीत हे शक्यच नाही. तुमच्या गल्लीत सोडले तर ते ‘हो’ म्हणणाऱ्याच्याही घरात जाणार आणि ‘नाही’ म्हणणाऱ्याच्याही. एकट्याला बाहेर पडता येत नाही, म्हणून संमती सगळ्या वस्तीची मिळून घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, हे अजून कुणालाच नीट जमलेलं नाही.

केमन बेटांवर २००९-१० मध्ये जगातले पहिले जीएम डास उघड्यावर सोडले गेले. २०१० मध्येच तेहतीस लाखांच्या आसपास. बाहेरच्या जगाला ते कळलं २०१० च्या नोव्हेंबरमध्ये, सगळं उरकल्यावर. त्याच डिसेंबरात मलेशियात एका निर्जन रानात सुमारे ६००० नर सोडले आणि जाहीर केलं जानेवारीत. तिथल्या संघटना तोवर चाचणी लांबली आहे असंच समजत होत्या. दोन्हीकडे कुणाला इजा झाल्याची नोंद नाही. पण आधी करायचं आणि मग सांगायचं, याने जो संशय बसतो तो पुढच्या प्रत्येक प्रयोगाला चिकटतो.

फ्लोरिडात मतदान घेऊन पाहिलं. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षीय निवडणुकीबरोबरच. मन्रो काउंटीत बहुमताने होकार दिला, पण जिथे डास सोडायचे होते त्या की हेवनमधल्या लोकांनी बहुमताने नकार दिला. मग कोणाचं ऐकायचं? मतदान बंधनकारक नव्हतंच. शेवटी २०२१ मध्ये डबे लागले ते दुसऱ्या बेटांवर, आणि वाणही नवा, ओएक्स५०३४.

सगळ्यात अवघड गोष्ट बुर्किना फासोची आहे. तिथे टार्गेट मलेरिया हा संशोधन प्रकल्प पायरीपायरीने पुढे जात होता. त्याला मोठा निधी गेट्स फाउंडेशनचा, ‘बिल गेट्सचे डास’ हा फॉरवर्ड तिथूनच रंगत आला. २०१९ च्या जुलैमध्ये बाना गावात सुमारे ६४०० जीएम नपुंसक नर सोडले. जीन ड्राइव्ह नव्हे, हे लक्षात घ्या. त्याआधी कित्येक वर्षं गावकऱ्यांशी बोलणी झाली होती. ‘जीन’ला स्थानिक भाषेत काय म्हणायचं इथपासून सुरुवात होती. तरी टीका राहिलीच: निर्णय खरा गावाचा, की पैसे देणाऱ्यांचा? २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या टप्प्याचे डास सोडल्यावर काही दिवसांतच तिथल्या लष्करी सरकारने प्रकल्प थांबवला आणि नमुने नष्ट करायला सांगितलं. गावाने दिलेली संमती राजधानीने रद्द केली. आणि समजा जीन ड्राइव्हचा डास असता, तर असा आदेश काढूनही उपयोग काय झाला असता?

म्हणून संमतीचं वर्तुळही पिढ्यांवर ठरतं, असं मला वाटतं. जीन एका पिढीत संपणार असेल तर वस्तीला विचारणं पुरेल. काही पिढ्या रेंगाळणार असेल तर शेजारच्या गावांनाही. ड्राइव्ह असेल तर त्या जातीचा डास जिथे जिथे आहे त्या सगळ्या देशांना. २०१८ मध्ये जैवविविधता कराराच्या देशांनी जीन ड्राइव्हबाबत सावधगिरी बाळगायची आणि ज्यांच्यावर परिणाम होऊ शकतो अशा स्थानिक समुदायांची आधी संमती मागायची, असं मान्य केलं. मात्र ‘योग्य तिथे’ असा शब्द घालून. योग्य कुठे, हे कुणी ठरवायचं ते राहून गेलं.

आपल्याकडे: दिल्ली १९७५, जालना २०१७

भारतात हा वाद पन्नास वर्षं जुना आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटना आणि आयसीएमआर यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा प्रकल्प चालवला. पैसा अमेरिकेचा, पीएल-४८० खाली गव्हाच्या बदल्यात जमा झालेले रुपये. तेव्हा आजच्या अर्थाने जीएम तंत्र नव्हतं. डास किरणांनी, रसायनांनी वगैरे नपुंसक करत. हरियाणातल्या सोनीपतमध्ये एडिस इजिप्ती सोडायची तयारी होती.

१९७४ मध्ये वृत्तपत्रांतून प्रश्न सुरू झाले. एडिस इजिप्ती पीतज्वर पसरवतो, भारतात तो रोग नाही, मग अमेरिकेला नेमका याच डासात एवढा रस का? जैविक युद्धाची माहिती गोळा होतेय का? नर नपुंसक करायला वापरलेल्या थायोटेपा या रसायनावरही आक्षेप आले. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५ च्या अहवालात प्रकल्पावर कडक ताशेरे ओढले. त्याच अहवालात मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पक्षी-स्थलांतराच्या अभ्यासावरही बोट होतं. सोनीपतचे डास सुटलेच नाहीत, प्रकल्प बंद झाला. शास्त्रज्ञांनी जैविक युद्धाचे आरोप ठामपणे फेटाळले. पण सुरुवातीपासून लोकांना काय चाललंय ते नीट सांगितलं असतं, तर हे आरोप इतके चिकटले असते का, हा प्रश्न राहतोच.

जालन्याची गोष्ट त्यामानाने शांतपणे घडली. जीबीआयटी या भारतीय संस्थेने ऑक्सिटेकबरोबर ओएक्स५१३एवर आधी बंदिस्त लॅबमध्ये काम केलं आणि २०१७ च्या जानेवारीत जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत बाहेरच्या पिंजऱ्यांमधल्या चाचण्या सुरू झाल्याचं जाहीर केलं. पिंजरा उघड्या हवेत, पण डास जाळीच्या आत. त्यापुढची पायरी, म्हणजे मोकळ्यावर सोडणं, आलीच नाही.

न सोडण्यालाही किंमत आहे

हे सगळं वाचून ‘मग नकोच हे लचांड’ असं म्हणणं सोपं आहे, विशेषतः ज्याच्या घरात मलेरियाने कुणी गेलेलं नाही त्याला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये मलेरियाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसं मेली. बहुतेक आफ्रिकेत, आणि त्यात सगळ्यात जास्त पाच वर्षांखालची मुलं. मच्छरदाण्या आणि फवारणीने मोठं काम केलं, पण डास कीटकनाशकांना सरावत चाललेत. शिवाय फवारणी मधमाशी आणि डास यांच्यात भेद करत नाही. जीएम नर निदान एकाच जातीच्या मागे जातो.

यात आपलाही एक धागा आहे. ॲनोफेलिस स्टीफेन्सी हा आपल्या शहरांमधला मलेरियाचा डास. इमारतींच्या टाक्यांत वाढतो. दक्षिण आशियातला हा डास २०१२ मध्ये आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूती देशात सापडला आणि तिथे जवळपास आटोक्यात आलेला मलेरिया पुन्हा उसळला. २०२४ च्या मेमध्ये जिबूतीने त्याच्याविरुद्ध ऑक्सिटेकचे जीएम नर सोडायला सुरुवात केली. या जातीसाठी उद्या भारतात अर्ज आला तर नवल नाही. लक्ष्य तर इथलंच आहे, आणि एडिस इजिप्तीसारखं ‘बाहेरून आलेला पाहुणा’ म्हणून इथे हात झटकताही येणार नाहीत.

अर्ज आला तर तो कुठे जाणार?

१९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या १९८९ च्या नियमांनुसार जीएम सजीव मोकळ्यावर सोडायचा असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या जेनेटिक इंजिनिअरिंग अप्रेझल कमिटीची, म्हणजे जीईएसीची परवानगी लागते. लॅब आणि सुरुवातीच्या चाचण्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या आरसीजीएम समितीकडे असतात. जैवतंत्रज्ञान विभागाने २०२३ मध्ये जीएम कीटकांसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही काढली. कुठलाही जीएम कीटक उघड्यावर सोडायला भारतात आजवर परवानगी मिळालेली नाही.

लोकांना विचारायचं कसं, याचा एक नमुना मात्र आपल्याकडे आहे. बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी २०१० मध्ये सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यातली एक नागपूरला झाली. शेतकरी, शास्त्रज्ञ, कंपन्या, ग्राहक सगळे बोलले, भांडले, आणि फेब्रुवारीत वांग्याला स्थगिती मिळाली. निर्णय पटो न पटो, माणसं समोरासमोर आली. आणि वांगं तर ताटात आल्यावरही बाजूला सारता येतं.

जीईएसीच्या बैठकांचा अजेंडा आणि इतिवृत्त समितीच्या वेबसाइटवर टाकलं जातं. भाषा रुक्ष असते, पण पीडीएफ फोनवर उघडते. त्यात कधी कीटकाचं नाव दिसलं, तर वाण कोणता आणि जीन किती पिढ्या टिकणार, हे त्या अर्जातच शोधायचं.